उजनीचे पाणी उडते म्हणजे काय होते? रेणूंमधील ओढ आणि पदार्थांची अवस्थांतरे

उन्हाळा लागला की सोलापुरात उजनी धरणाचे आकडे रोजच्या बातमीचा भाग होतात. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आहे आणि त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी, मानला जातो, म्हणून उपयुक्त साठा संपला की पातळी ‘उणे’ टक्क्यांत सांगितली जाते. शेतीचे आवर्तन, भीमेत सोडलेले पाणी, शहराची गरज असा हिशेब मांडून झाल्यावर त्यात आणखी एक खर्च दाखवलेला असतो, तो बाष्पीभवनाचा. या खर्चावर अनेकांचा विश्वास बसत नाही. पाणी उकळते शंभर अंशांना, मग बेचाळीस अंशांच्या उन्हात टीएमसीत मोजावे इतके पाणी हवेत जाईलच कसे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे. ते उत्तर पाण्याच्या रेणूंना एकमेकांविषयी असलेल्या ओढीत आहे. खोबरेल तेल थंडीत का गोठते, घामाने गार का वाटते आणि स्वयंपाकाच्या टाकीत गॅस द्रवरूपात कसा मावतो, या प्रश्नांची उत्तरेही तिथेच सापडतात.

रेणू तुटत नाहीत, एकमेकांपासून सुटतात

पाण्याचा सर्वांत लहान कण म्हणजे रेणू. त्यात ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू पक्के जोडलेले असतात. हे झाले रेणूच्या आतले बंध. याशिवाय शेजारशेजारचे रेणू एकमेकांना हलकेच ओढत असतात आणि या ओढीला आंतररेण्वीय बल म्हणतात. या दोहोंतला फरक लक्षात आला नाही तर पुढचे सगळेच धूसर राहते, म्हणून तो सोलापुरी चादरीवरून पाहू. चादर उसवली तर विणकाम सुटते आणि उभे-आडवे धागे वेगळे होतात. पण धागा धागाच राहतो, त्याचा पीळ आणि त्यातला कापूस जसाच्या तसा असतो. पाण्याची वाफ होते तेव्हा असेच विणकाम सुटते. प्रत्येक रेणू अखंड राहतो, फक्त शेजाऱ्यांपासून मोकळा होतो.

पाणी उकळल्यावर त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो, ही समजूत शाळा सोडून बरीच वर्षे झालेल्या माणसांतही आढळते. पाण्याचे रेणू खरोखर फोडून त्यांचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू करायचे झाले, तर तेवढ्याच पाण्याची वाफ करायला जितकी ऊर्जा लागते तिच्या सहा-सात पट ऊर्जा लागते. ते काम चुलीच्या आचेने होत नाही, त्यासाठी पाण्यातून वीज सोडावी लागते. पातेल्यातून वर येणारी वाफ म्हणजे पाणीच असते आणि झाकणाला लागून तिचे पुन्हा थेंब होतात, यात नवल ते कोणते!

स्थायू, द्रव आणि वायू या तीन अवस्था दोन गोष्टींच्या रस्सीखेचीतून ठरतात. रेणूंची परस्पर ओढ त्यांना एकत्र बांधू पाहते आणि उष्णतेमुळे होणारी त्यांची हालचाल त्यांना दूर फेकू पाहते. ओढ पूर्ण वरचढ असेल तर रेणू आपापल्या जागी थरथरत राहतात आणि पदार्थ स्थायू असतो. हालचाल वाढली की ते जागा सोडून एकमेकांवरून घसरू लागतात, पण समूह सोडत नाहीत, तो द्रव. हालचाल ओढीला पुरून उरली की प्रत्येक रेणू स्वतंत्र होतो, तो वायू.

ही ओढ येते कुठून?

नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मध्ये आपल्या प्रबंधात असा विचार मांडला की वायूचा द्रव होतो, त्याअर्थी वायूच्या रेणूंमध्येही काहीतरी आकर्षण असलेच पाहिजे, आणि रेणूंना स्वतःचे आकारमानही असले पाहिजे. त्या काळी रेणू खरोखर असतात की ती केवळ हिशेबाची सोय आहे, यावरच वाद चालू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या विचाराचे धाडस कळते. १९१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आकर्षण आहे हे कळले, तरी त्याचे कारण सापडायला आणखी अर्धे शतक जावे लागले. रेणूतील ऋणभारित इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. एखाद्या क्षणी ते एका बाजूला थोडे जास्त जमतात, त्या बाजूला किंचित ऋणभार आणि विरुद्ध बाजूला किंचित धनभार येतो, त्याचा परिणाम शेजारच्या रेणूवर होऊन त्याचेही इलेक्ट्रॉन सरकतात आणि दोघे एकमेकांकडे ओढले जातात. पुढच्याच क्षणी ही मांडणी मोडून नवी तयार होते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये याचे गणित मांडले, म्हणून याला लंडन बल म्हणतात. ते प्रत्येक पदार्थात असते. हेलियमसारख्या चिमुकल्या अणूत ते इतके क्षीण असते की हेलियमचा द्रव करायला उणे २६९ अंशांपर्यंत जावे लागते. रेणू जितका मोठा आणि इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितके हे बल वाढते. साध्या तापमानाला क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन स्थायू असते. तिघांचा स्वभाव सारखा असूनही अवस्था वेगळ्या, त्या एवढ्याच कारणाने.

खोबरेल गोठते, शेंगतेल का गोठत नाही?

लंडन बल किती क्षीण आहे हे ऐकून ते दुर्लक्ष करण्याजोगे वाटेल, म्हणून हे उदाहरण आवर्जून देतो. डिसेंबरच्या सकाळी खोबरेलाची बाटली पांढरी घट्ट होते, कारण ते सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते. शेजारीच ठेवलेले शेंगतेल किंवा करडईचे तेल मात्र वाहते राहते. दोन्ही तेलांचे रेणू लांब साखळ्यांचे बनलेले आहेत आणि दोन्हींत प्रामुख्याने लंडन बलच काम करते. फरक साखळीच्या आकारात आहे. खोबरेलातील बहुतेक साखळ्या सरळ असतात, त्यामुळे त्या एकमेकींना पूर्ण लांबीभर खेटून बसतात आणि प्रत्येक ठिकाणची थोडी थोडी ओढ मिळून पुरेशी होते. शेंगतेलातील आणि करडईच्या तेलातील बहुतेक साखळ्यांना मध्येच बाक असतो. बाक आल्यावर साखळ्या नीट खेटत नाहीत, ओढ कमी पडते आणि सोलापूरची थंडी त्यांना गोठवू शकत नाही. वनस्पती तुपाच्या कारखान्यात तेलाला हायड्रोजन देऊन हे बाकच काढून टाकतात आणि पातळ तेल घट्ट होते.

पाण्याचे वेगळेपण

आता पाण्याकडे येऊ. मिथेनचा रेणू आणि पाण्याचा रेणू वजनाला जवळपास सारखे आहेत, १६ आणि १८. मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो आणि पाणी शंभर अंशांना. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू, रचनेने पाण्याचा भाऊच; तो पाण्याहून जवळपास दुप्पट जड असूनही उणे ६० अंशांना उकळतो. त्या कुटुंबाच्या रीतीने पाणी वागले असते तर ते उणे ८० अंशांच्या आसपास उकळले असते आणि पृथ्वीवर एकही नदी नसती.

पाण्यातील ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे जोरात ओढतो. त्यामुळे ऑक्सिजनची बाजू कायमची ऋण आणि हायड्रोजनची टोके कायमची धन होतात. एका रेणूचे हायड्रोजन टोक शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढले जाते, आणि हायड्रोजन आकाराने फार लहान असल्याने ते अगदी जवळ पोहोचते. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. रेणूच्या आतल्या बंधाच्या तुलनेत तो साधारण विसाव्या हिश्श्याचाच असतो, पण बर्फात प्रत्येक रेणू असा चार शेजाऱ्यांशी जोडलेला असतो आणि द्रव पाण्यातही यातले बहुतेक बंध सतत तुटत-जुळत टिकून राहतात.

आच चालू असूनही तापमान का थांबते?

पातेल्यात तापमापक धरला तर पारा चढत चढत एका ठिकाणी थांबतो आणि शेवटचा थेंब उडेपर्यंत तिथेच राहतो. समुद्रसपाटीला ही जागा १०० अंशांवर असते. सोलापूर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने इथे हवेचा दाब थोडा कमी आणि पाणी साधारण दीड अंश आधीच उकळते. आच तर चालूच आहे, मग ती उष्णता जाते कुठे? अठराव्या शतकात ग्लासगो येथे शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. अवस्था बदलताना जी उष्णता घेतली जाते पण तापमापकाला दिसत नाही, तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ती रेणूंचा वेग वाढवण्यात खर्च होत नाही, रेणूंमधील ओढ सोडवण्यात खर्च होते.

एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. तेच पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी पुरतात. त्याची पूर्ण वाफ करायला मात्र ५४० कॅलरी लागतात. वितळताना हायड्रोजन बंधांपैकी थोडेच तुटतात आणि रेणू एकत्रच राहतात. वाफ होताना जवळपास सगळे तुटावे लागतात. हीच उष्णता वाफेचे पुन्हा पाणी होताना परत बाहेर पडते. म्हणूनच उकळत्या पाण्यापेक्षा कुकरच्या वाफेने भाजलेले अधिक गंभीर असते आणि लहान मुलांना वाफेपासून दूर ठेवण्याचा आग्रह धरायलाच हवा.

मग चाळीस अंशांना पाणी कसे उडते?

तापमान हे रेणूंच्या हालचालीची सरासरी सांगते. सरासरी सांगितली म्हणजे सगळे सारखे, असे होत नाही. चाळीस अंशांच्या पाण्यात काही रेणू फार मंद असतात तर काही अतिशय वेगवान. यातला एखादा वेगवान रेणू पृष्ठभागाजवळ असला आणि त्याची दिशा वरची असली, तर शेजाऱ्यांची ओढ तोडून तो हवेत निसटतो. यालाच बाष्पीभवन म्हणतात, आणि ते प्रत्येक तापमानाला, अगदी बर्फावरूनसुद्धा, चालू असते. उकळणे वेगळे. उकळताना पाण्याच्या पोटातही वाफेचे बुडबुडे टिकू शकतात, कारण वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झालेला असतो. शंभर अंश ही सीमा उकळण्याची आहे. उडून जाण्याला तशी कोणतीही सीमा नाही.

वेगवान रेणू निघून गेले की मागे उरलेल्यांची सरासरी घटते, म्हणजे पाणी गार होते. माठातून पाझरलेले पाणी बाहेरच्या पृष्ठभागावरून उडते आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर जितके रेणू बाहेर जातात तितकेच परत येतात आणि गारवा मिळत नाही. कूलर एप्रिलमध्ये उत्तम चालतो आणि जूनमध्ये पावसाची चाहूल लागताच निरुपयोगी वाटू लागतो, त्यात कूलरचा दोष नसतो.

उजनीचा हिशेब

तीस अंशांच्या आसपासच्या एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. विजेच्या भाषेत हे झाले साधारण पाऊण युनिटाला थोडे कमी, ०.६७ युनिट. उन्हाळ्याच्या निरभ्र दिवशी दख्खनच्या पठारावर एका चौरस मीटर सपाट जागेवर दिवसभरात साधारण ६ ते ७ युनिट ऊर्जा सूर्याकडून येते. ती सगळी बाष्पीभवनात खर्च झाली असती तर एका चौरस मीटरवरून ९ ते १० लिटर पाणी उडाले असते, म्हणजे पातळी एका दिवसात ९ ते १० मिलिमीटरने उतरली असती. सगळी ऊर्जा यात खर्च होत नाही. काही प्रकाश परावर्तित होतो, काही उष्णता पाणी तापवण्यात जाते आणि काही रात्री परत आकाशात जाते. उलट कोरडा गरम वारा स्वतःची उष्णता आणून त्यात भर घालतो.

दिवसाला ७ मिलिमीटर धरू, आणि जलाशय २०० चौरस किलोमीटरवर पसरला आहे असे हिशेबापुरते मानू. एका चौरस किलोमीटरवरचा एक मिलिमीटर म्हणजे १० लाख लिटर. त्यानुसार रोज १४० कोटी लिटर पाणी उडेल. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर, म्हणजे वीस दिवसांत एक टीएमसी. आकड्यांवर शंका घेण्याचा हक्क नागरिकांना आहेच आणि तो बजावलाही पाहिजे. पण बाष्पीभवनाचा खर्च दिसला की तो चोरी झाकण्यासाठीच लिहिला आहे असे धरून चालणे चूक आहे. वीस दिवसांना एक टीएमसी हा आकडा भौतिकशास्त्राच्या मर्यादेत पूर्णपणे बसतो, आणि असा हिशेब करता आला की अवाजवी आकडाही लगेच ओळखता येतो. उजनीचे पात्र उथळ आणि विस्तीर्ण असल्याने तिला हा खर्च जास्त पडतो, कारण पाणी पृष्ठभागावरून उडते, खोलीतून नव्हे.

पाण्यावर थर पसरून हे थांबवता येणार नाही का?

हा प्रयोग झालेला आहे. ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात जलाशयांवर सिटाइल अल्कोहोल नावाच्या मेणचट पदार्थाचा, फक्त एका रेणूइतक्या जाडीचा थर पसरून पाहिला गेला. या रेणूचे एक टोक पाण्याशी हायड्रोजन बंध जोडते आणि त्याची सोळा कार्बनांची सरळ साखळी वर उभी राहते. शेजारच्या साखळ्या लंडन बलाने एकमेकींना खेटतात आणि पाण्याच्या रेणूला बाहेर पडायला फट उरत नाही. प्रयोगशाळेतील संथ पाण्यावर याचा परिणाम चांगला दिसतो. मोठ्या जलाशयावर मात्र वारा आणि लाटा हा थर काठाला लोटतात, तो फाटतो आणि पुन्हा पुन्हा पसरावा लागतो. लहान तळ्यासाठी हा उपाय विचारात घेता येईल. उजनीसारख्या वाऱ्याला उघड्या विस्तारावर त्याची भिस्त धरता येणार नाही, असे माझे मत आहे.

दाब दिला की प्रत्येक वायूचा द्रव होतो का?

स्वयंपाकाच्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन द्रवरूपात असतात, म्हणून असे वाटते. दाब दिल्याने रेणू जवळ येतात आणि जवळ आल्यावर ओढ त्यांना धरून ठेवते. पण हालचालच फार असेल तर कितीही जवळ आणले तरी ओढ पुरी पडत नाही. प्रत्येक पदार्थाचे एक तापमान असते ज्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. प्रोपेनसाठी ते सुमारे ९७ अंश आहे, म्हणून थोड्या दाबाने काम होते. मिथेनसाठी ते उणे ८२ अंश आहे, म्हणून रिक्षाच्या टाकीतला सीएनजी, जो मुख्यतः मिथेनच असतो, प्रचंड दाबाखालीही वायूच राहतो. ऑक्सिजनसाठी ते उणे ११८ अंश आहे. २०२१ मध्ये महासाथीच्या लाटेत द्रव ऑक्सिजनसाठी खास टँकरच का लागत होते, याचे कारण हेच. तो उणे १८३ अंशांपर्यंत थंड करूनच द्रव ठेवावा लागतो. कार्बन डायऑक्साइडची सीमा ३१ अंश आहे. त्यामुळे त्याच्या अग्निशामक नळकांड्यात हिवाळ्यात द्रव असतो, आणि मे महिन्याच्या दुपारी द्रव व वायू असा भेदच उरत नाही.

दमट हवा, सूत आणि घाम

सोलापूरसाठी या विषयाचा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग यंत्रमागाच्या शेडमध्ये आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि त्याच्या रेणूंवर पाण्याशी हायड्रोजन बंध जोडणाऱ्या असंख्य जागा असतात. टॉवेल पाणी टिपतो आणि सुती कपडा पॉलिएस्टरपेक्षा उशिरा वाळतो, तो या बंधांमुळेच. हवेतले बाष्प शोषून घेतलेले सूत कोरड्या सुतापेक्षा बळकट आणि लवचीक होते. कोरड्या हवेत धागे वारंवार तुटतात, म्हणून सुती विणकामात हवा दमट ठेवावी लागते.

मागावर उभ्या असलेल्या माणसाची गरज नेमकी उलट आहे. एक लिटर घाम त्वचेवरून उडाला तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. टपकलेला किंवा पुसलेला घाम काहीच नेत नाही, कारण त्याचे रेणू सुटलेलेच नसतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक बाष्पीभवनाने किती खाली येऊ शकतो ते दाखवतो. हवा ३८ अंशांची आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर तो सुमारे २३ अंशांपर्यंत उतरतो. तापमान तेच ठेवून आर्द्रता ७५ टक्के केली तर तो ३४ अंशांच्या आसपासच थांबतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते, म्हणजे घामाला काम करायला जेमतेम एका अंशाची जागा उरते. अशा हवेत आठ-दहा तास काम करणाऱ्याला चक्कर आली तर ती त्याची कमजोरी समजू नये.

२०२५ मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कृत्रिम आर्द्रतेसाठी स्वतंत्र कलम होते, कलम १५. आर्द्रतेची मानके ठरवणे, ती मोजून नोंदवणे आणि अशा जागी पुरेसे वायुवीजन व गारवा ठेवणे यांविषयी नियम करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला होता. मोजणीसाठी लागतात ते दोन साधे तापमापक, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यातला. कायदा लागू असो वा नसो, प्रत्येक शेडच्या भिंतीवर ते असावेत, आणि ओल्या तापमापकाचा पारा तिशीच्या वर जाऊ लागला की सुतासाठी पाणी फवारण्याआधी माणसांसाठी पंखे, खिडक्या आणि विश्रांतीची सोय व्हावी.